मेकुगी

दिवसभर दातांच्या दवाखान्यात माझ्या हाताला
लवंगेच्या तेलाचा वास.
मंगळवारी रात्री, बंद पडलेल्या शाळेच्या व्यायामशाळेत,
तेच तेल पात्यावर.
नवरा म्हणतो, तुझी बोटं
कुणाच्या तरी दाढदुखीसारखी येतात घरी.

ओरिकासा-सेन्सेई त्र्याऐंशीच्या.
पहिल्या वर्षी त्यांनी तलवार दिलीच नाही,
शब्द दिले.
साया म्हणजे म्यान. त्सुबा, मुठीखालची लोखंडी चकती.
कोइगुची हे म्यानाचं तोंड, पण नाव कार्प माशाचं,
तळ्याकाठी पाव टाकला की उघडतं
तसं गोल, हावरं.
"ते तोंड कापायचं," त्या म्हणाल्या.
म्हणजे डाव्या अंगठ्याने त्सुबा रेटायची,
तांदळाच्या दाण्याएवढी.
तेवढ्यानं पातं जागं होतं.

माआई म्हणजे दोघांतलं अंतर.
एक पाऊल टाकलं तर मरण,
न टाकलं तर नुसता संध्याकाळचा गारवा.
झानशिन मला कळलं नाही.
वहीत लिहिलंय:
वार संपल्यावर उरलेलं मन.
पुढे प्रश्नचिन्ह. ते अजून खोडलेलं नाही.

मेकुगी सगळ्यात शेवटी आली.
अर्ध्या करंगळीएवढीही नाही, बांबूची एक खुंटी.
मूठ आणि पातं तिच्याच भरवशावर एकत्र.
ती सैल असेल तर परजता परजता पातं सुटेल
आणि जाईल थेट शिगेनोच्या छातीत,
जो गॅसच्या टाक्या पोचवतो,
नेहमी उशिरा येतो,
आणि ज्याला तीन मुली आहेत.
म्हणून नमस्काराच्याही आधी, दर मंगळवारी:
मेकुगी पाहिलीस का?
पाहिली.
पुन्हा बघ.

यंदाच्या थंडीत शब्द त्यांना सोडून जायला लागले.
आधी अडगळीतले, मग रोजचे.
एकदा त्सुबाकडे बोट दाखवून थांबल्या:
"ते... झाकण. किटलीचं."
शिगेनो हसला. मग गप्प झाला,
आणि उगीचच जमीन पुसायला लागला.
मी वही काढली.
मी म्हणायची, त्सुबा. त्या म्हणायच्या, त्सुबा,
पहिल्यांदाच ऐकल्यासारखं,
थोडं नवल, थोडा संशय.
हात मात्र चुकत नव्हते. एकदाही नाही.
फेब्रुवारीत त्या यायच्या थांबल्या.

मार्चच्या शेवटी, पाऊस की बर्फ ठरत नव्हतं अशा सकाळी
सून त्यांना दवाखान्यात घेऊन आली.
खालची दाढ.
मी वाकले. त्यांनीही वाकून नमस्कार केला,
अनोळखी माणसाला करतात तसा, नेमका, गार.
मग दाराशी छत्री मिटली.
डावा हात पितळी पिंपाच्या काठाशी गेला,
बोटं वळली, तोंड जवळजवळ झाकलं,
छत्रीची काठी अंगठ्याच्या बेचक्यावरून सरकत सरकत
टोकाशी आली,
टोक आत पडलं,
आणि मग सावकाश, खाली न बघता,
सबंध छत्री म्यान.
नजर दारावर.
दारात कुणी नव्हतं.
तरी त्या उभ्या राहिल्या,
हात मुठीवर, एक श्वास, दोन,
आत या म्हणायचं
माझ्या जिभेवर येईना.

खुर्चीत आ वासून पडल्या होत्या.
मी कापसाचा बोळा तेलात बुडवला,
दाढेला लावला.
डोळे मिटले. नाकपुड्या हलल्या.
आणि माझं मनगट त्यांनी असं धरलं
की हातातला चिमटा पडला.

"मेकुगी पाहिलीस का?"

डॉक्टर म्हणाले, काय?
सून म्हणाली, माफ करा, हल्ली त्या असं काहीबाही...

मी म्हणाले, "नाही, सेन्सेई. आज राहिली."

काय रागावल्या!
बोळा गालात तसाच, शब्द अर्धे,
सुरकुत्यांसकट सगळा चेहरा लाल:
"मग आलीस कशाला?
जा. आधी बघून ये."

मी गेले.
आतल्या खोलीत हात धुतले, नळ चालू ठेवला,
आणि तिथे काहीच नव्हतं तरी
डाव्या अंगठ्याने चाचपून पाहिलं.
घट्ट होती.